मागच्या खोलीची भिंत

काका रंगारी होते. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. बेचाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं रंगवली, पण आमच्या इमारतीचा जिना काही त्यांच्या हातून रंगला नाही. कोणी टोकलं की म्हणायचे, "न्हाव्याचं डोकं बघितलंय का कधी?"

मी साहित्य शिकले. पदवी घेऊन घरी बसले तेव्हा सगळ्यांनी धीर दिला. काकांनी दिला नाही. ते म्हणाले, "साहित्याची पदवी म्हणजे रंगाचा पहिला हात. दुसरा कशाचा देणार ते ठरव. नुसत्या पहिल्या हातावर भिंत उघडीच दिसते."

आमची मैत्री तिथून सुरू झाली. मी तेवीस वर्षांची, ते सदुसष्ट. चुना आणि टर्पेंटाइननं त्यांचे डोळे अधू झाले होते. संध्याकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. त्यांना आधी निधनाच्या छोट्या बातम्या लागत. नाव ऐकलं की ते घर सांगत. "दुसरा मजला. बाहेरची खोली फिकट हिरवी. नवऱ्यानं निवडलेला रंग. बाई चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती, जसा काही मीच तिच्याशी लग्न केलं होतं."

त्यांच्या कामाची एक रीत होती. भिंत खरवडून झाली, की रंग चढवण्याआधी ते कानामागची पेन्सिल काढत आणि भिंतीवर दोन ओळी लिहीत. तारीख, रंगाचं मिश्रण, भिंतीचं दुखणं. मग त्यावर रंग. घरमालकाला ते कधी दिसत नसे. ते त्याच्यासाठी नव्हतंच. दहा-बारा वर्षांनी जो कोणी रंगारी ती भिंत खरवडेल, त्याच्यासाठी होतं. त्यांच्या उस्तादानं शिकवलेलं. उस्तादाचं लिखाण त्यांना पुढं तीन घरांत सापडलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, "वरचा खिळा काढू नये, भिंत सोबत येईल." काकांनी काढला नाही. खाली लिहिलं, "खिळा अजून आहे. मीही." आणि रंग मारला.

"कोणी खोटं लिहीत नाही का?" मी एकदा विचारलं.

"भिंतीवर खोटं लिहून फसवणार कुणाला? पुढच्या रंगाऱ्यालाच ना? तो आपलाच माणूस."

काकू जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात काका आणि त्यांची मुलगी. मी तिला ताई म्हणते. ती छत्तीस वर्षांची. चौदा वर्षं ती कापडाच्या एका मोठ्या दुकानात काउंटरला होती. हातानं कापड मोजून सांगायची, मीटरपट्टी नंतर, आणि दोन्ही मापं जुळायची. एका सोमवारी दुकानाचं शटर उघडलंच नाही. त्यानंतर सात महिने ताई घरी होती.

"ती पडदे धुते," काका मला म्हणाले.

"मग?"

"गेल्या आठवड्यात धुतलेले पडदे. त्याच्या आधीच्या आठवड्यातही धुतलेले."

दुसऱ्या दिवशी स्वच्छ शर्ट घालून ते चौकातल्या प्रॉपर्टीच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांचं घर त्यांनी दोनदा रंगवलं होतं. साहेब म्हणाले, मुलीला पाठवा. पगार नाही. सहा महिने. त्यात एक तरी व्यवहार पूर्ण झाला तर टेबल मिळेल, नाही तर नमस्कार.

ताई म्हणाली, "मला घरं विकता येणार नाहीत, बाबा."

"कापड विकत होतीस ना? घर म्हणजे तेच. फक्त घडी घालता येत नाही."

ती हसली. सात महिन्यांनी हसली, म्हणून मला लक्षात आहे.

काकांनी तिच्यासाठी काय केलं ते मी पाहिलं आहे. आधी बूट आणले. काळे, मऊ तळव्याचे. "जिने चढायचेत तुला. चपला पहिल्याच आठवड्यात जीव देतील." मग मला वही घेऊन बसवलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. एकशे बारा घरं. कुठल्या घराचा उजेड सकाळचा, कुठली गच्ची गळते, कुणाची मुलं परदेशी जाऊन बसलीत. काही घरांपुढं त्यांनी शेरे लिहायला लावले. "विकतील, पण मुलीनं विचारलं तर." "मेले तरी विकणार नाहीत." "भावाभावांत कोर्टकचेरी, लांबून नमस्कार." एका घरापुढं लिहायला लावलं, "चहा घेऊ नये." कारण सांगितलं नाही.

पहिले काही आठवडे ते तिच्याबरोबर दारोदार हिंडले. दार उघडणारा आधी काकांकडे बघायचा आणि मग दोघांना आत घ्यायचा. ताईच्या हातात नुसती फाइल होती. आत जायला मिळायचं ते काकांमुळे.

घोटाळा व्हायचा तो गिऱ्हाइकाला घर दाखवताना. गिऱ्हाईक म्हणायचं, "भिंती मजबूत आहेत ना?" ताईनं तोंड उघडायच्या आत काका बोटाच्या पेरानं भिंत वाजवायचे. कान लावायचे. "इथं पोकळ आहे. गिलावा सुटलाय." अशी चार गिऱ्हाइकं गेली.

"बाबा, तुम्ही घर दाखवायला येता की पोस्टमॉर्टेमला?"

"विचारलं त्यानं."

"मला विचारलं होतं!"

"तू काय सांगणार होतीस?"

"काहीच नाही. मी पुढच्या खोलीत घेऊन गेले असते."

त्यानंतर ती घर दाखवायला वर गेली की काका खाली अंगणात उभे राहायचे. हात पाठीमागे बांधून. बोलावल्याशिवाय वर जायचे नाहीत.

पाच महिने झाले. एकही व्यवहार झाला नव्हता.

वहीतलं सत्तेचाळिसावं घर एका निवृत्त नर्सबाईंचं होतं. तळमजला, दोन खोल्या आणि मागं एक लहान खोली. बाई मुलाकडं दुसऱ्या गावी राहायला निघाल्या होत्या. घर चांगलं होतं. फक्त मागच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीत वरच्या मजल्याच्या मोरीचा पाइप होता आणि तो आतून फुटला होता. वरचा मालक फरशी उखडू देत नव्हता. पोपडे सुटायचे, पांढरा क्षार फुलायचा. काकांनी नर्सबाईंना तीन वेळा सांगितलं होतं, पाइप उघडल्याशिवाय मी या भिंतीला ब्रश लावणार नाही. दोन वेळा बाकीचं घर रंगवून ते त्या भिंतीला हात न लावता परत आले होते.

या घराला एक गिऱ्हाईक आलं. बसचा ड्रायव्हर, त्याची बायको. घर त्यांना आवडलं. मागची खोली काळोखी होती म्हणून त्यांनी दारातूनच पाहिली. रविवारी आईला घेऊन येतो, म्हणाले. खोली आईचीच होणार होती.

त्या संध्याकाळी मी काकांना पेपर वाचून दाखवत होते. ताई आली. बूट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली.

"बाबा, नर्सबाईंच्या मागच्या खोलीला एक हात मारून द्याल?"

"कसला हात? आतून पाणी येतंय."

"माहीत आहे मला."

"मग?"

"रविवारी ते आईला घेऊन येणार आहेत."

मी वाचायचं थांबवलं. काका म्हणाले, "पाऊस लागला की फुगेल ती."

"पावसाला तीन महिने आहेत."

"आणि मग?"

"मग ते त्या घरात असतील आणि मी ऑफिसात." एवढं बोलून ती स्वतःच दचकली. पायांकडं बघत बसली. मग उठली. तिचा आवाज अगदी साधा होता. "राहू दे बाबा. खरंच राहू दे. मी पडदे धुते."

ती आत गेली. खरंच पडद्यांच्या कड्या सरकल्याचा आवाज आला. काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी पेपरात डोकं घातलं. मी तेव्हा काही बोलायला हवं होतं.

गुरुवारी मी नर्सबाईंच्या घरी गेले. ताईच्या ऑफिसच्या जाहिराती मी लिहीत असे. व्यवहार पक्का होईपर्यंत प्रत्येक घराची जाहिरात चालू ठेवायची असा तिथला नियम होता, आणि या घराचे फोटो हवे होते. मागच्या खोलीत काका घोडीवर होते. भिंत खरवडून झाली होती. नागडी भिंत मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. मधोमध काळसर डाग होता, माणूस कुशीवर झोपावा तसा.

काका खाली उतरले. कानामागची पेन्सिल काढली. नेहमी ते दोन ओळी लिहीत. त्या दिवशी पाच-सहा लिहिल्या. मध्ये थांबले, पुन्हा लिहायला लागले.

"काय लिहिलंत?"

"जे आहे ते."

"आज कशाला पण?"

त्यांनी रोलर डब्यात बुडवला. "हाताची सवय आहे. आणि पुढचा येईल तो आपलाच माणूस."

अक्षरं एका फटक्यात गेली. त्यावर त्यांनी ओल आत अडवून ठेवणारा जाड थर दिला. संध्याकाळपर्यंत भिंत बदामी झाली. निर्मळ दिसत होती. मी फोटो काढला. जाहिरातीत लिहिलं, "मागे शांत, थंड खोली." खोली थंड होतीच. एक अक्षर खोटं नव्हतं.

रविवारी ड्रायव्हर आईला घेऊन आला. काका अंगणात उभे होते. मीही होते. ड्रायव्हरनं त्यांना पाहिलं आणि थांबला.

"काका, तुम्ही रंगवलंय का हे?"

"हो."

"अहो मग बघायचंच काय! आमच्या डेपोत निम्म्या लोकांची घरं तुमच्या हातची आहेत." तो आईकडं वळला. "आई, हे ते काका."

म्हातारीनं हात जोडले. काकांनीही जोडले. सगळे आत गेले. मागच्या खोलीच्या खिडकीतून आवाज येत होते. म्हातारीनं भिंतीला तळवा लावला असावा, कारण ती म्हणाली, "गार आहे गं ही."

"उत्तरेची भिंत ना, आजी," ताई म्हणाली. "उन्हाळ्यात बरं पडेल तुम्हाला."

काका अंगणातल्या नळाकडं बघत होते. नळ बंद होता. ते जाऊन तो आणखी घट्ट पिळून आले.

व्यवहार झाला. ताईला टेबल मिळालं. टेबलावर तिच्या नावाची पाटी आली, कार्डं छापली. पहिलं कार्ड तिनं काकांना दिलं. त्यांना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून त्यांनी ते मला वाचायला लावलं. मी वाचलं. पुन्हा वाच म्हणाले. मग शर्टाच्या खिशात ठेवलं.

पुढच्या तीन महिन्यांत ताईनं आणखी दोन घरं विकली. ती आता झपझप चालायची. फोनवर हसायची. पडदे मळले होते. मला ते बघून बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं.

काकांनी मात्र कामं घेणं सोडलं. गुडघ्याचं कारण सांगायचे. संध्याकाळी मी निधनाच्या बातम्या वाचायला घेतल्या की ते हातानं थांबवायचे.

"ते राहू दे. पावसाचं काय म्हणतात?"

रोज तोच प्रश्न. अजून लांब आहे, मी म्हणायचे. एकदा लांब नसतानाही म्हटलं.

पाऊस वेळेवर आला आणि खूप पडला. पाचव्या आठवड्यात, एका सुट्टीच्या दिवशी दुपारी, ड्रायव्हर आला. तो गणवेशातच होता. ताई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. काका खुर्चीत, मी समोर.

"ये," काका म्हणाले. जणू त्याचीच वाट बघत होते.

तो बसला नाही. म्हणाला, "भिंत फुगली. मला वाटलं, रंग वाईट लागला असेल, कंपनीचा दोष असेल. तुम्हाला गुडघ्यानं जमत नाही असं कळलं, म्हणून दुसऱ्या रंगाऱ्याला बोलावलं. त्यानं काल भिंत खरवडली." त्यानं फोन काढला, पडद्यावर फोटो आणला आणि काकांपुढं धरला. "हे निघालं."

काकांनी फोन हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग माझ्याकडं दिला. "तू वाच."

मी वाचलं. मोठ्यानं वाचलं, कारण त्यांना मी नेहमी मोठ्यानंच वाचून दाखवते.

"उत्तर भिंत. आतून पाणी. वरच्या मोरीचा पाइप फुटका. तो बदलल्याशिवाय कोणताही रंग टिकणार नाही. हा रंग डाग लपवण्यासाठी लावला आहे. पुढच्यानं माफ करावं." खाली तारीख होती.

"अक्षर तुमचं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"माझं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मी तुम्हाला बघून घर घेतलं हो." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आईची खाट आता चुलीपाशी आणलीय. रात्रभर खोकते ती." मग त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. "ताईंना माहीत होतं?"

आतला नळ बंद झाला. भांड्यांचा आवाज थांबला.

मी काकांकडं पाहिलं. या माणसानं लोकांच्या भिंती वाजवून चार गिऱ्हाइकं घालवली होती. विचारलं म्हणून खरं सांगितलं होतं. आता पुन्हा विचारलं होतं.

"नाही," काका म्हणाले.

"नाही?"

"मी परस्पर केलं. तिचे महिने भरत आले होते. मला वाटलं, एक व्यवहार होऊन जाऊ दे. तिला कळलं असतं तर तिनं करू दिलं नसतं."

ड्रायव्हरनं फोन परत घेऊन खिशात टाकला. स्वयंपाकघरातून कोणी बाहेर आलं नाही. मग तो माझ्याकडं वळला. "तुम्ही यांच्या कोण?"

"मी वर राहते," मी म्हणाले. मी एवढंच म्हणाले.

"मी ऑफिसात जाणार होतो," तो काकांना म्हणाला.

"जा ना. जायलाच हवं. तिथं माझं नाव सांग. तिचं नको." काका खुर्चीचे हात धरून उठले. "आणि मी येतो उद्या. वरच्या मालकाच्या पाया पडतो. पाइप मी स्वतः बदलून देतो, भिंत मी..."

"नको." तो दारात पोचला होता. "तुम्ही येऊ नका."

आजवर तो त्यांना काका म्हणत आला होता. त्या दुपारी एकदाही म्हणाला नव्हता. हे माझ्या लक्षात तो जिना उतरल्यावर आलं.

ताई बाहेर आली. हात ओले होते. ती उंबऱ्याशी थांबली, जिन्याकडं बघत. पावलांचा आवाज अजून येत होता. मला वाटलं, ती हाक मारेल. तिचं तोंड उघडलंही होतं. खालचं फाटक वाजलं. तिनं हात पदराला पुसले, एक एक बोट.

"बाबा, जेवायला वाढू?"

"वाढ."

मी वर निघून आले. त्या घरात नंतर यावर एक शब्द बोलला गेला नाही. मला खात्री आहे, कारण आमची जमीन म्हणजे त्यांचं छत, आणि मी कान लावून होते.

बातमी पसरायला आठवडा पुरला. रंगवाल्यानं ओली भिंत झाकून दिली आणि वर भिंतीवर लिहूनही ठेवलं, याचं लोकांना हसूही आलं. ज्यांच्या घरी काकांनी वीस-वीस वर्षांपूर्वी काम केलं होतं ते आता भिंती वाजवून बघायला लागले. एका बाईनं चांगली भिंत खरवडून पाहिली. खाली लिहिलं होतं, "भिंत उत्तम. काही करू नये."

ताईनं मात्र वरच्या मालकाला गाठलं. ती त्याच्याकडं सोळा वेळा गेली. शेवटी त्यानं फरशी उखडू दिली, तिनं पाइप बदलून घेतला, आणि म्हातारीची खाट पुन्हा मागच्या खोलीत गेली. ऑफिसतर्फे केलं, असं तिनं ड्रायव्हरला सांगितलं. ऑफिसनं काहीही केलं नव्हतं. हे मला माहीत आहे, आणि काकांनाही. त्यांनी तिला कधी काही विचारलं नाही. तिच्या जाहिराती मी अजून लिहिते.

परवा काका केस कापायला गेले होते. दाढीही करून घेतली. तोंडावर गरम टॉवेल टाकून ते मागं रेलले होते. शेजारच्या खुर्चीत कोणीतरी येऊन बसलं आणि घर घ्यायचंय म्हणून न्हाव्याशी बोलायला लागलं. एका बाईचं कार्ड त्याच्याकडं होतं. ही कशी आहे, असं तो न्हाव्याला विचारत होता. न्हावी टॉवेलाकडं बघून नुसती कात्री चालवत राहिला असावा. पलीकडच्या बाकावरचा माणूस म्हणाला, "डोळे मिटून घे रे तिच्याकडून. बाप तसला निघाला, पण पोरगी सोनं आहे. बापावर गेली नाही, नशीब तिचं."

हे मला काकांनीच सांगितलं. संध्याकाळी, खुर्चीत बसून. शब्द न शब्द सांगितलं, त्या माणसाच्या आवाजात. मग पुन्हा एकदा सांगितलं, "बापावर गेली नाही, म्हणाला."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. दाढी छान झाली होती. त्यांनी खिशातलं कार्ड चाचपलं. मग टेबलावरचं वर्तमानपत्र माझ्याकडं सरकवलं.

"वाच," म्हणाले. "कोण कोण गेलं ते वाच."